बागेच्या फाटकावर पत्ता विचारायचा का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : सिंहगड रस्ता परिसरात राहणाऱ्या ६२ वर्षांच्या एका वाचक भगिनी लिहितात की त्यांच्या सोसायट्यांच्या मधोमध महापालिकेची छोटी बाग आहे. जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, चार झोपाळे, एक घसरगुंडी आणि ज्येष्ठांचा कट्टा. गेली दोन वर्षं रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. बाकांवर वाढदिवसाचे केक कापले जातात, फेसाचे फवारे उडतात, पत्रावळ्या तिथेच पडतात. मोठी मुलं बसून दोन झोपाळे तुटले. गल्लीत गाड्या आडव्यातिडव्या लागतात. आसपासच्या सोसायट्यांच्या नागरिक मंचाने ठरवलंय की महापालिकेकडे मागणी करायची : सोसायटीतल्या रहिवाशांना मोफत पास, बाहेरच्यांना आधार कार्ड पाहून माणशी २० रुपये तिकीट. या ताई बँकेतून निवृत्त, लिहिणं चांगलं, म्हणून अर्ज लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये राहणाऱ्या त्यांच्या मुलीच्या गावी असंच चालतं. गावकऱ्यांना पास, परगावच्यांना पैसे, आणि कुणाला त्यात गैर वाटत नाही. पण परवा त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी विचारलं, “आमच्या पोरांना पण पास मिळेल का हो?” ताईंना उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून अर्ज अर्धवट पडला आहे. “मंचाचं चुकतंय असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि सहीही करवत नाही. काय करू?”

ताई,

अर्ज अर्धवट ठेवलात हे बरं केलंत. घाईने पुरा केला असता तर तो प्रश्न मनात तसाच राहिला असता.

आधी तुमच्या मंचाची बाजू घेते, कारण ती पोकळ नाही. तुमच्या मुलीच्या गावात जे चालतं त्यामागे साधा हिशोब आहे. अमेरिकेतल्या गावांचा, विशेषतः तिच्या भागातल्या गावांचा, कारभार मोठ्या प्रमाणात घरपट्टीवर चालतो. बागेतला माळी, गवत कापायचं यंत्र, पाण्यातला जीवरक्षक, सगळ्यांचा पगार आणि खर्च गावातल्या घरमालकांच्या खिशातून जातो. शेजारच्या गावचा माणूस तिथे येतो, गाडी लावतो, कचरा करतो आणि जातो, त्याची पट्टी मात्र त्याच्या गावाला. मग त्याने फाटकावर काहीतरी द्यावं, ही अपेक्षा रास्तच. जागा मोजकी असेल तर ज्यांनी वर्षभर खर्च सोसला त्यांना उन्हाळ्याच्या रविवारी बसायला तरी मिळावं, हाही त्यामागचा विचार असतो.

पण तिथे कुणाला त्यात गैर वाटत नाही, हे मात्र खरं नाही. तुमच्या मुलीच्याच राज्यात ग्रिनिच नावाचं एक श्रीमंत गाव आहे. त्या गावाने आपल्या किनाऱ्यावरच्या बागेत परगावच्यांना बंदीच घातली होती. शेजारच्या गावातला कायद्याचा एक विद्यार्थी पळायला गेला, त्याला फाटकावरून परत पाठवलं. तो कोर्टात गेला आणि २००१ मध्ये कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. बाग ही सार्वजनिक जागा आहे, तिथे माणसं एकमेकांना भेटतात, बोलतात, म्हणून ती केवळ गावकऱ्यांपुरती राखता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. न्यू जर्सीच्या न्यायालयाने तर १९७२ मध्येच सांगितलं होतं की समुद्रकिनाऱ्यावर परगावच्यांकडून गावकऱ्यांपेक्षा जास्त शुल्क घेता येणार नाही, कारण समुद्र सगळ्यांचा आहे. आणि ज्या बागांना तिथल्या केंद्र सरकारच्या जमीन आणि पाणी संवर्धन निधीतून पैसे मिळालेत, तिथे परगावच्यांचं शुल्क गावकऱ्यांच्या शुल्काच्या दुपटीपलीकडे नेता येत नाही. तीन ठिकाणची तीन उत्तरं, पण तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच : ही जागा खरी कुणाची?

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या मंचाच्या बाजूची वाटेल. कॅलिफोर्नियात पालो आल्टो शहराने १९५९ मध्ये डोंगरउतारावरची मोठी जमीन बागेसाठी घेतली. शेजारच्या गावांना खर्चात वाटा उचलायला सांगितलं, त्यांनी नकार दिला. १९६५ मध्ये बाग उघडली ती फक्त शहरवासीयांसाठी. आम्ही पैसे दिले, तुम्ही नाही दिले, इतकं सरळ कारण. मला हे कारण समजतं. पण पन्नास वर्षं गेली. पैसे नाकारणारी पिढी गेली, देणारीही गेली, आणि फाटकावर मात्र अजून पत्ताच विचारला जात होता. शेवटी नागरी हक्क संघटना कोर्टात गेल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये ती बाग सगळ्यांना खुली झाली. सुरुवातीचा राग खरा होता, तरी त्याचा नियम झाल्यावर त्याने कोणाकोणाला बाहेर ठेवलं हे पाहायला कुणी बराच काळ गेलंच नाही.

आता पुण्याकडे येऊ. तुमच्या मंचाचं गृहीतक असं दिसतं : मिळकतकर आम्ही भरतो, म्हणून बाग आमची. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग जरा तपासून बघू.

२०१३ पर्यंत पुण्यात जकात होती. शहरात येणाऱ्या मालावर ती घेतली जायची आणि वसूल व्हायची गिऱ्हाइकाकडून, मग ते गिऱ्हाईक लक्ष्मी रस्त्यावर साडी घ्यायला दौंडहून आलेलं का असेना. पुढे एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून राज्य सरकार महापालिकेला त्या बदल्यात अनुदान देतं, आणि मिळकतकराच्या बरोबरीने तेही महापालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. साबणाची वडी घेणारा प्रत्येक माणूस त्यात भर घालतो. तुमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईही घालतात. त्या भाड्याच्या खोलीत राहत असतील तर घरमालकाचा मिळकतकर त्यांच्या भाड्यातूनच निघतो, फक्त पावतीवर नाव त्यांचं नसतं.

दुसरं, ती जमीन. तुमच्या वर्णनावरून ती ॲमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सोयीसाठी सोडलेली जागा, असावी. मोठा लेआउट मंजूर करून घेताना बिल्डरला अशी जागा महापालिकेकडे सोपवावी लागते आणि त्याबदल्यात त्याला एफएसआय किंवा टीडीआर, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, मिळतो. म्हणजे तुमच्या इमारती जेवढ्या उंच झाल्या, त्यात या जागेचाही वाटा असू शकतो. शहराने काहीतरी देऊन ती घेतली, ती शहराची आहे. असाच प्रश्न पडलेल्या इतर वाचकांसाठी इथेच सांगते : लेआउटमध्ये दहा टक्के ओपन स्पेस सोडलेली असते ती वेगळी. ती त्या लेआउटमधल्या रहिवाशांसाठी असते, तिची देखभाल सोसायटी करते आणि तिथे कुणाला येऊ द्यायचं हे सोसायटी बऱ्याच अंशी ठरवू शकते. दोन्हीकडे गवत सारखंच, झोपाळे सारखेच, त्यामुळे गल्लत होते. आपल्या अंगणातली बाग यातली कोणती, हे मंजूर नकाशावर लिहिलेलं असतं. भांडणाआधी तो नकाशा काढा.

तिसरं, ‘बाहेरचे’ म्हणजे कोण? हा शब्द तुमच्या पत्रात सात वेळा आला आहे, मी मोजला. एकदाही तो माणूस कुठून येतो हे तुम्ही लिहिलं नाही. शहराबाहेरचा म्हणाल तर तुमच्याच रस्त्यावरची नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं ३० जून २०२१ ला महापालिकेत आली. आदल्या दिवशी तिथली मुलं परगावची होती, दुसऱ्या दिवशी पुणेकर. उलटंही झालंय. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये शहरात आली आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. सरकारी कागदावरची रेघ इतकी हलते, तिच्यावर लहान मुलाच्या झोपाळ्याचं तिकीट ठरवायचं का?

आणि आधार कार्ड? तुमच्या भागात इंजिनिअरिंगची किती मुलं राहतात बघा. लातूर, बीड, जळगावहून आलेली, चार-चार वर्षं इथलं भाडं भरणारी. त्यांच्या कार्डावर गावचा पत्ता असतो. ती बाहेरची ठरतील. तुमच्या मुलीने कार्डावरचा पत्ता बदलला नसेल तर दोन वर्षांतून एकदा येणारी ती मात्र आतली ठरेल. ज्या तपासणीतून असं निघतं, ती फाटकावरच्या रखवालदाराच्या हाती द्यायची तर तो शेवटी कार्ड बघणार नाही, कपडे बघेल. या मागणीतली मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती हीच. मंचातल्या कुणाच्या मनात तसं नसेल, तरी रविवारी संध्याकाळी सहाला, रांग लागलेली असताना, तिथे तसंच घडेल.

स्वयंपाकाच्या बाईंचं घर कुठे आहे ते तुम्ही सांगता, ओढ्यापलीकडच्या वस्तीत. म्हणजे चालत सात-आठ मिनिटं. बहुधा तुमचाच प्रभाग. त्यांच्या मुलांना घरात पाय पसरायला जागा नाही, आणि ज्यांच्या घराला गच्ची, क्लब हाऊस आणि पार्किंग आहे त्यांना पास मोफत. बागेची गरज कुणाला जास्त आहे, हे इतकं उघड आहे की त्यावर मी जास्त लिहीत नाही.

कायदा तुमच्या मंचाला अडवेल का? मला जे दिसतं ते सरळ सांगते. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सरकारी पैशातून चालणाऱ्या सार्वजनिक जागा धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही नाकारता येणार नाहीत असं म्हटलंय. त्यात ‘राहण्याचं ठिकाण’ नाही. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाने राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेतलं, तेव्हा १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते ग्राह्य धरलं. जन्मस्थान वेगळं आणि निवास वेगळा, असं म्हणून. तेव्हा निवासावरून वेगळं शुल्क आपल्याकडे सरसकट बेकायदा आहे, असं मी म्हणणार नाही. मात्र महापालिकेच्या बागेत दर ठरवण्याचा अधिकार महापालिकेचा आहे. कोणताही मंच स्वतःची पावती छापून फाटकावर बसू शकत नाही. आणि तुमची मागणी शहरातले आणि शहराबाहेरचे असा फरकही करत नाही. ती एकाच शहरातल्या, एकाच प्रभागातल्या लोकांत फरक करते. हे मात्र मुलीच्या गावातही चालत नाही. तिथला पास गावातल्या प्रत्येकाला मिळतो, मग तो भाडेकरू असो की घरमालक.

तिकीटच नको असं माझं म्हणणं नाही. पु. ल. देशपांडे उद्यान तुमच्याच रस्त्यावर आहे. ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर केलेली ती जपानी बाग जपायला खर्च येतो, म्हणून तिथे तिकीट आहे. तिकीट काढताना कोथरूड की कोल्हापूर असं कुणी विचारत नाही. शनिवारवाड्यावर भारतीयांना २५ रुपये आणि परदेशी पाहुण्यांना ३०० रुपये आहेत, हा फरक मात्र आहे. पण वाडा बघायला माणूस वर्षातून एकदा जातो. झोपाळ्यावर मूल रोज जातं. चौघांच्या घरातून दर रविवारी २० रुपयांप्रमाणे ८० रुपये गेले तर महिन्याचे सव्वातीनशे. स्वयंपाकाच्या बाईंना तुम्ही महिन्याला काय देता ते तुम्हाला ठाऊक आहे, हिशोब तुम्हीच करा.

मला खरं उत्तर सिंहगडाच्या वाटेवर दिसतं. गडावर गाडी घेऊन जाणाऱ्याकडून उपद्रव शुल्क घेतात. तो शब्द मला फार नेमका वाटतो. पत्ता कोणताही असो, गाडी वर नेली की पैसे द्यायचे. पायथ्यापासून चालत गेलात तर नाही. म्हणजे माणसाला नाही, त्याच्या गाडीने होणाऱ्या त्रासाला शुल्क आहे. तुमच्या पत्रातली तक्रार पुन्हा वाचा. केक, फवारे, पत्रावळ्या, तुटलेले झोपाळे, आडव्या गाड्या. यातली एकही गोष्ट पत्त्यामुळे होत नाही. वाढदिवस साजरे करणाऱ्यांत तुमच्या सोसायटीची मुलं नसतात असं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल?

म्हणून आधी तीन रविवार वही घेऊन कट्ट्यावर बसा. मंचातल्या आणखी एक-दोघांना बरोबर घ्या. किती माणसं आली, त्यातली चालत किती आणि गाडीने किती, किती वाढदिवस झाले, झोपाळ्यावर कोण बसलं, कचरापेटी कधी भरली, रखवालदार कधी होता, एवढंच लिहा. कुणाला पत्ता विचारू नका, गप्पांत कळेल. बँकेत तुम्ही आयुष्यभर आकडा बघितल्याशिवाय सही केली नसेल, इथेही करू नका. सोबतच माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज उद्यान विभागाकडे टाका : या बागेवर वर्षाला किती खर्च होतो, माळी आणि रखवालदार किती नेमलेत, झोपाळ्यांच्या दुरुस्तीची शेवटची नोंद कधीची. मला वाटतं, या तीन उत्तरांतच तुमच्या मंचाचा अर्धा राग त्याच्या योग्य पत्त्यावर जाईल.

तिकिटाच्या हिशोबाचंही बघा. समजा रविवारी १०० जणांनी २० रुपये दिले. २,००० झाले, महिन्याला फार तर दहा हजार. तेवढ्यात रोज दोन पाळ्यांत खिडकीवर बसणारा एक माणूसही निघणार नाही, झोपाळे तर दूरच.

मग अर्ज लिहा, पण दुसरा. वाढदिवस किंवा गटाचा कार्यक्रम असेल तर आधी परवानगी आणि परत मिळणारी अनामत रक्कम, सोसायटीवाल्यांनाही तीच. फेसाच्या फवाऱ्यांना बंदी. गल्लीत रविवारी एका बाजूला पार्किंग. मोठ्या मुलांसाठी वेगळा, दणकट झोपाळा, कारण बारा-तेरा वर्षांच्या मुलीलाही झोका घ्यावासा वाटतो आणि तिच्यासाठी बागेत काहीच नसतं. संध्याकाळी रखवालदार. आणि जमलं तर एक मागणी माझ्याकडून : बाग दुपारी बंद असते, ती एका बाजूने तरी उघडी ठेवा. घरकाम करणाऱ्या बायकांना सकाळची कामं आटोपून संध्याकाळची सुरू होईपर्यंत जे दोन तास मिळतात, ते नेमके कुलपाचे असतात. कितीतरी जणी जिन्यात बसून डबा खातात, हे आपण रोज बघतो.

हा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या, आणि झोपाळ्यासारखी कामं नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकात सुचवा. पुण्यात ही सोय २००६ पासून आहे. दरवर्षी सूचनांची मुदत जाहीर होते आणि आपल्यातले फार थोडे लोक ती वापरतात. सह्या घेताना ओढ्यापलीकडेही जा. तिथल्या पन्नास सह्या असलेला अर्ज उद्यान विभागात जास्त वजनाचा ठरेल.

मंचाशी संबंध बिघडतील ही तुमची धास्ती मी समजू शकते. रोज सकाळी त्याच ट्रॅकवर भेटायचं असतं. म्हणून बैठकीत ‘तुमचं चुकलं’ असं म्हणू नका. वही पुढे ठेवा आणि म्हणा, त्रास खरा आहे, तो कमी होईल असा अर्ज मी लिहून आणलाय, आधी यावर सहा महिने प्रयत्न करू. बहुतेकांना स्वच्छ बाग हवी असते, पास नको असतो. एक-दोघं अडून बसलेच तर त्यांना अर्ज स्वतः लिहू द्या. हात आखडता घेण्याचा हक्क तुम्हाला आहे.

माझं लहानपण नारायण पेठेत दोन खोल्यांत गेलं. सुट्टीत सासवडहून मामेभावंडं यायची, आम्ही नऊ जण सारसबागेत गणपतीला जाऊन हिरवळीवर अंधार पडेपर्यंत लोळायचो. त्यातले चारच पुणेकर होते. आईला नऊ जणांची तिकिटं परवडली नसती, आणि तिने भावाच्या मुलांना मागे ठेवून आम्हाला नेलंही नसतं. आम्ही सगळेच घरी बसलो असतो. त्याच पेठांच्या टोकाला, गंज पेठेत, १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा, स्वतःच्या मालकीचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. शाळेत हे शिकले तेव्हा मला ती पाण्याची गोष्ट वाटली होती. तुमचं पत्र वाचताना ती पुन्हा आठवली.

स्वयंपाकाच्या बाईंना अजून उत्तर द्यायचं राहिलंय. उद्या सकाळी चहा झाला की सांगा, पास वगैरे काही लागत नाही. आणि विचारा, रविवारी मुलं किती वाजता येतात? तुमची वही तेव्हाच उघडायची आहे.